सुविधाच्या लग्नाचं पाणी

डिचोलीच्या बाजारातून खाली उतरलं की तळेभाट लागतो. नावात भाट, म्हणजे माडांची बाग आहे, पण माड बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळी घरंच. रस्त्यानं जाणाऱ्याला या घरांच्या नुसत्या पाठी दिसतात. न्हाणीघरं, लाकडांचे ढीग, दोरीवर वाळत टाकलेली लुगडी. जाणाऱ्याला वाटतं, काय ही वस्ती, आणि काय हिचा एवढा बोलबाला! अरे बाबा, पाठ बघून माणूस तरी ओळखतोस काय रे तू? वळसा घालून तळ्याच्या बाजूला ये, आणि मग बोल.

तळ्याच्या बाजूनं प्रत्येक घराला जांभ्याचं उंच जोतं. जोत्यावर बाल्कांव, म्हणजे पुढची उघडी ओसरी, तिच्यात दोन्ही अंगांना बसायला चुन्याचे गुळगुळीत सोपे. मागे शिंपल्यांच्या तावदानांची जनेलं. आणि बाल्कांवातून थेट पाण्यात उतरणाऱ्या ज्याच्या त्याच्या पायऱ्या. एक घर निळीचं, एक हळदीच्या रंगाचं, एक कावेच्या लाल रंगाचं. चवथीच्या आधी जो तो आपापल्या रंगाचा हात फिरवणार, आणि शेजाऱ्याचा रंग कोणी उचलणार नाही. पत्ता सांगतानाही आडनाव येत नाही. 'हळदीच्या घरातली कमलाक्षी' म्हटलं की पोदेरसुद्धा पावांची टोपली घेऊन बरोब्बर तिच्याच दारात उभा राहतो.

तर ही हळदीच्या घरातली कमलाक्षी. लग्न होऊन पेडण्याकडून इथं आली तेव्हा परकरातून नुकतीच लुगड्यात शिरलेली होती. आता लेकीचं लग्न काढायच्या वयाला आली. तोंडानं फटकळ, मनानं भाबडी, आणि तळ्याच्या बाबतीत ठार वेडी. सकाळी उठली की आधी पायऱ्या उतरून पाण्यात हात बुडवायची, मग चूल. नवरा गोकुळदास मराठी शाळेतला मास्तर. मुलगा रुद्रेश खाणीवर कामाला. मुलगी सुविधा, जिच्यामुळे हे सगळं झालं. तिची बिचारीची चूक एवढीच की तिचं लग्न त्या वर्षी ठरलं.

ते वर्ष म्हणजे गोवा राज्य झालं ते वर्ष. त्याच्या आदल्या दोन वर्षांत तळेभाटाची काय दशा झाली होती म्हणून सांगू! राजभाषा कोकणी की मराठी, यावरून घराघरांत फाळणी. गोकुळदास मास्तर मराठीचा झेंडा घेऊन मोर्च्यात पुढे. शेजारच्या निळ्या घरातला सगुण कोकणीच्या बाजूनं तसाच पुढे. दोघं लहानपणी एकाच पायरीवरून पाण्यात उड्या मारलेले, आणि आता एकमेकांना पाहिलं की मान दुसरीकडे. बायका मात्र शहाण्या. सगुणची बायको सुलोचना मधल्या कुंपणावरून कमलाक्षीला माशांच्या हुमणाची वाटी देणार, कमलाक्षी त्याच वाटीतून भाज्यांचं खतखतें परत करणार. भाषेचं काय व्हायचं ते होवो, वाटी रिकामी परत द्यायची नसते.

पण या भांडणात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. तळं उतरत होतं.

उन्हाळ्यात तळं थोडंफार खाली जायचंच. पायऱ्यांच्या खालच्या दोन-तीन उघड्या पडायच्या, त्यांवर पोरं बसायची. आटलं असं कधीच नव्हतं, कारण तळ्याला झर होती. हळदीच्या घराच्या शेवटच्या पायरीखालून ती आत यायची. ऐन वैशाखात तिथं पाय घातला की गार लागायचं. त्या चैत्रात मात्र तळ्याचा तळ दिसला. चिखल, मग चिखलाला भेगा, मग भेगांत धूळ. झरीपाशी तेवढं एक डबकं उरलं, म्हशीला बसायलाही अपुरं.

कारण काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. टेकडीपलीकडची खाण तळ्याच्या तळाहूनही खोल गेली होती. खोल गेलं की जमिनीतलं पाणी खड्ड्यात येतं, आणि खनिज काढायचं तर ते पाणी उपसावंच लागतं. रात्रंदिवस पंप चालायचे. तळेभाटाचं पाणी खाणीच्या वाटेनं नाल्यात आणि नाल्यातून नदीला जात होतं. भाषेसाठी ज्या लोकांनी रस्ते अडवले त्यांतल्या एकानं तरी पाण्यासाठी आवाज काढला असेल तर शपथ! आणि काढणार तरी कसा? निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी खाणीवर होतं. कोणाचा ट्रक, कोणाची हजेरी.

कमलाक्षीच्या घरातलं तर विचारूच नका. रुद्रेश खाणीवर पंपावरच होता. आईच्या तळ्याचं पाणी उपसणारा हात तिच्याच मुलाचा.

"मी नाही चालवला तर दुसरा चालवील, आई," तो एकदा म्हणाला. जेवताना. मान वर न करता.

तिला ते पटलं होतं आणि म्हणूनच तिचा जीव तळमळत होता. भांडायला समोर कोणी तरी वाईट माणूस लागतो. इथं समोर आपलाच पूत, तोही भातावर आमटी ओतून घेणारा. तिनं त्याला आणखी एक तळलेला बांगडा वाढला आणि आत जाऊन रडली.

आता लग्नाचं ऐका. स्थळ साखळीचं, दुकानदार घराणं, माणसं चांगली. मुलगी बघायला आली होती तुळशीच्या लग्नानंतर. तेव्हा तळं काठोकाठ होतं. वराची आई बाल्कांवात सोप्यावर बसली, समोर पाणी पाहिलं, शिंपल्यांच्या जनेलावर पाण्याचे हलते कवडसे पाहिले आणि म्हणाली, "मुलगी आवडलीच, पण खरं सांगू वयनी, हे तळं बघूनच माझं मन भरलं." कमलाक्षीनं हे वाक्य वाड्यावर, म्हणजे सगळ्या वस्तीत, घरोघर जाऊन सांगितलं. निळ्या घरात तर दोनदा.

आणि तळेभाटाची एक रीत आहे. लेक सासरी निघाली की ती आपल्या बाल्कांवाच्या पायऱ्या उतरते, तळ्यात पाय धुते, कळशीभर पाणी घेते आणि ते सासरच्या तुळशीत ओतते. वराकडची माणसं वरच्या पायऱ्यांवर उभी राहून बघतात. कमलाक्षीला दिवसरात्र तेच दिसू लागलं. साखळीची सगळी माणसं नटूनथटून पायऱ्यांवर उभी आहेत, आणि नवरी खाली भेगाळलेल्या धुळीत उभी आहे.

"अगो, डबक्यातलं घे कळशीभर," गोकुळदास म्हणाला. त्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटला.

"डबक्यातलं! म्हशीनं सोडलेलं! तुमच्या मोर्च्यात एवढं डोकं चालवलं असतं तर राजभाषा कधीच मिळाली असती तुम्हाला," ती म्हणाली. मास्तर पेपर उघडून बसला.

मग एके दुपारी तिला सुचलं. सुचलं म्हणजे काय, इतके दिवस डोळ्यांसमोर होतं तेच. खाणीचा नाला वाड्याच्या मागूनच वाहत होता. आपलंच पाणी, आपल्याच पाठीमागून. कामावरून आलेल्या रुद्रेशला तिनं कपडेसुद्धा बदलू दिले नाहीत.

"पुता, ते नाल्याचं पाणी इथं तळ्यात वळवायचं."

"कसलं? ते घाण असतं, आई."

"घाण कसलं रे? आमच्याच झरीचं तर आहे."

रुद्रेशनं समजावलं. खड्ड्यातून उपसलेलं पाणी लालभडक असतं, खनिजाची बारीक माती त्यात मिसळलेली असते. खाणीवर त्यासाठी एक मोठा खड्डा केलेला आहे. पाणी आधी त्यात सोडतात, माती खाली बसते, वरचं नाल्यात जातं. वरचं वरचं घेतलं तर चालेल, पण ते थोडं थोडं येतं. तळं भरायला पावसाळा उजाडेल.

"आणि लग्न केव्हा आहे?" कमलाक्षीनं विचारलं.

त्यानं बोटांवर दिवस मोजले.

"मग निवळायला कशाला थांबायचं? सरळ सोड. तळ्यातच निवळेल की. भांड्यात पाणी ठेवलं की गाळ खाली बसतो ना? तळं म्हणजे मोठं भांडं!"

रुद्रेशनं डोकं खाजवलं. त्याला नाही म्हणता आलं नाही. बहिणीचं लग्न, आईचा हट्ट, शिवाय आतून त्यालाही कुठंतरी बरं वाटत असणार, की आपण नेलेलं आपणच परत आणतो आहोत. मुकादमाला विचारायला तो घाबरत घाबरत गेला, तर मुकादम आनंदानं उडालाच. "तळ्यात? बेस बरें! नाल्यात सोडलं की खालचे शेतकरी बोंब मारतात. घेऊन जा रे बाबा, सगळं घेऊन जा."

वाड्यावरची तरणी माणसं जमली. वाळूची पोती टाकून नाला अडवला, जुन्या गटाराची वाट खणून मोकळी केली, आणि रुद्रेशनं पंपाचं पाणी निवळायचा खड्डा टाळून सरळ नाल्यात सोडलं. त्या कामाला मराठीवाले आणि कोकणीवाले दोन्ही होते, हे कमलाक्षी पुढे फार दिवस अभिमानानं सांगत असे. पाणी आलं तेव्हा सगळ्या बाल्कांवांत बायका उभ्या. लाल, दाट, फेसाळ पाणी भेगांत शिरलं, धूळ बुडबुडली, डबकं दिसेनासं झालं. सुलोचनानं टाळ्या वाजवल्या. "वयनी, तुमच्या रुद्रेशानं तळें जितें केलें गो!"

कमलाक्षीच्या डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यात तिला इतका आनंद फारसा कधी झाला नव्हता.

लग्न थाटात झालं. पाणी काही निवळलं नाही, पण संध्याकाळच्या उन्हात सगळंच तांबूस दिसतं, त्यात ते खपून गेलं. सुविधा पायऱ्या उतरली, पाय धुतले, कळशी भरली. पैंजणांवर लाल रेघ राहिली ती तिनं सासरी जाऊन पुसली. वराची आई म्हणाली, "पाणी यंदा जरा गढूळ वाटतं." कमलाक्षी म्हणाली, "वारा होता." मग लगेच दोन-चार दिवसांत राज्य झाल्याचे फटाके वाजले, तळ्यात त्यांचे रंग पडले, आणि पाऊसही आला. काठोकाठ. कमलाक्षीला वाटलं, सुटलो.

चतुर्थीला गणपती पोचवताना ती पाण्यात उतरली. पायरीवरून एक पाऊल खाली टाकलं तर पाय गुडघ्यापर्यंत मऊ, गार रेंद्यात रुतला. पूर्वी तिथं वाळू असायची. तिनं वर येऊन तो पाय कोणी बघायच्या आधी धुवून टाकला. दिवाळीला पाणी अजून तांबडंच. भांड्यातला गाळ बसतो, हे खरं. पण कुठं बसतो, याचा विचार तिनं केला नव्हता.

माघातच तळं उतरू लागलं. आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी आधी. शेवटची पायरी उघडी पडली त्या दिवशी कमलाक्षी खाली उतरली आणि झरीच्या जागी हात घातला. गार नव्हतं. ओलही नव्हती. लाल मातीचा गुळगुळीत थर होता, शेणानं सारवलेल्या अंगणासारखा साफ. तिनं नखांनी खरवडलं. नखं लाल झाली.

रुद्रेश कामावरून आला तो पिकाव घेऊनच उतरला. त्यानं खणलं. गोकुळदास मास्तर धोतर वर खोचून उतरला. आवाज ऐकून निळ्या घरातून सगुण आला आणि त्यानं मास्तरच्या हातातून घमेलं घेतलं. दोन-तीन वर्षांनी पहिल्यांदा ते दोघं एकमेकांशेजारी उभे होते, आणि दोघांनाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. वर लाल थर, खाली लाल चिखल, त्याच्या खाली भेगांतून आत शिरून दगडासारखा आवळून बसलेला लाल रेंदा. चैत्रातल्या त्या भेगांमधूनच तो खोल गेला होता. झर कुठून यायची तेच सापडेना. अंधार पडेपर्यंत खणलं. मग दुसऱ्या दिवशी खणलं. तिसऱ्या दिवशी कोणी खाली उतरलं नाही.

"बुजली," रुद्रेश म्हणाला. तो पायरीवर बसला आणि हातांकडे बघत राहिला. "आई, पाणी आटलं होतं तरी झर जिती होती गो. पंप कधीतरी थांबले असते तर परत आलं असतं. आता पंप थांबले तरी..."

"गप बस," ती म्हणाली. त्याच्यासाठी म्हणाली. ही कल्पना कोणाची होती हे त्यानं उच्चारलंही नव्हतं, आणि म्हणूनच तिला ते सहन होईना. ओरडला असता तर बरं झालं असतं! चार शब्द सुनावले असते तर तिनं पदर पसरून ऐकले असते.

त्या दिवसापासून तिनं पायऱ्या उतरणं सोडलं. बाल्कांवात बसायची, पण रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे भिंतीकडे.

घरं सुकायला लागली. हे तळेभाटातल्या माणसांना आधी कळलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. या जोत्यांच्या पायाखालची माती पिढ्यान्‌पिढ्या ओली राहिलेली. ओल गेली तशी ती आकसली. निळ्या घराच्या बाल्कांवाला चीर गेली, मग ती भिंतीवर चढली, जनेलाची चौकट वाकडी झाली आणि शिंपल्यांची तावदानं एकेक करून पडू लागली. सुलोचना ती वेचून सुपात ठेवायची. परत बसवायला कारागीर कुठून आणणार, हे तिलाही माहीत नव्हतं.

आणि एक दिवस ती कमलाक्षीकडे आली. या वेळी हातात वाटी नव्हती.

"वयनी, आमच्या सायलीचं लग्न ठरलं. वैशाखात."

"बरें झालें गो बाय," कमलाक्षी म्हणाली, आणि म्हणतानाच पुढचं तिला कळलं. भाजी चिरता चिरता तिच्या हातातली सुरी थांबली.

"रुद्रेशाला सांगा ना. गेल्या वर्षासारखं पाणी सोडायला."

"सुलू, तेंच नको म्हणू गो. त्या पाण्यानंच झर बुजवली. तू बघितलंस. सगुणनं स्वतः खणून बघितलंय."

"बघितलंय."

"मग? आता पुन्हा सोडलं तर आणखी थर बसेल. मग काही आशाच नाही."

सुलोचनानं पदरानं डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "आशा आता तरी आहे काय, वयनी?"

कमलाक्षीनं तिच्यापुढे पाट सरकवला.

"माझी भिंत फाटत चाललीय. पाणी आलं तर माती परत ओली होईल, असं सगळेच म्हणतात. लाल तर लाल. आणि सायली विचारते, सुविधाताईनं तळ्यात पाय धुतले, मी कशात धुवू? काय सांगू तिला? तुमच्या लेकीच्या वेळी चाललं, आमच्या वेळी नको?"

हे तिनं भांडून म्हटलं असतं तर कमलाक्षीनं तिला घरातून हाकलून दिलं असतं, फटकळपणात ती कोणाला हार जाणारी नव्हती. पण सुलोचना रडत होती. आणि तिच्या बोलण्यात खोटं एक अक्षर नव्हतं. कमलाक्षीनं कितीदा मनात उलटसुलट करून पाहिलं, नाही म्हणायला कुठून सुरुवात करावी तेच सापडेना. आपली लेक नांदायला गेली, आता तळ्याची काळजी आठवली, असंच दिसणार. दिसणार काय, होतंच तसं.

रुद्रेश आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो दाराला टेकून उभा राहिला.

"मुकादम मागेच म्हणाला होता," तो म्हणाला. "यंदापासून कायमचंच तळ्यात सोडू, नाल्याची कटकट नको. मी त्याला थोपवून धरलं होतं, आई. म्हटलं होतं, वाड्यावरची माणसं नको म्हणतात."

"एकदाच सोड. लग्नापुरतं."

"एकदा वाड्यानं मागितलं की मग मी कुठल्या तोंडानं थोपवू?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड त्याच्या बापासारखं थकलेलं दिसत होतं. तिला वाटलं, याला म्हणावं, नको रे, नको सोडू, मी सुलोचनेच्या पायां पडेन. पण कुंपणापलीकडे भिंतीला लावलेला लाकडाचा टेकू तिला इथूनही दिसत होता.

"सोड, पुता," ती म्हणाली.

पाणी आलं त्या दिवशी सगळा वाडा पुन्हा बाल्कांवांत उभा होता. या वेळी नाला अडवावा लागला नाही, खाणीनं जाड पाइपच आणून जोडला होता. लाल पाणी धडधडत पडू लागलं तशा बायकांनी सुलोचनेला पुढे केलं, पहिला नारळ सोडायला, हळदकुंकू वाहायला. सुलोचनेनं मान हलवली. ती पायऱ्या ओलांडून हळदीच्या घराशी आली आणि नारळ कमलाक्षीच्या हातात ठेवला.

"मान तुमचा, वयनी. तुमच्या रुद्रेशामुळें आमकां पाणी मिळालें. देव बरें करूं."

ती मनापासून म्हणत होती. सगळ्या बायका हसून कमलाक्षीकडे बघत होत्या. कमलाक्षी कितीतरी दिवसांनी पायऱ्या उतरली, शेवटच्या पायरीवर वाकली, जिथं झर होती त्या जागेवर नारळ सोडला, आणि सगळ्यांच्या बरोबरीनं हात जोडले.